टेंभुर्णीच्या गिऱ्हाइकाला चहा दे

महेश्वरी,

आमची खोली रिकामी बघून घाबरू नकोस. तुझे सासरे आणि मी पळालोय, पलंग आणि शेगडी बसवलेली ती ट्रॅव्हलर गाडी घेऊन. ती विकत घ्यायला टेंभुर्णीचं गिऱ्हाईक आज सकाळी येईल. त्यांना चहा दे, शेंगाचटणी बांधून दे, आणि गाडी विकायची नाही म्हणून सांग. सौदा मोडला म्हणून तुझा नवरा मल्लेश चिडेल. त्यालाही चहाच दे.

गोव्याहून भांडून आलो तेव्हा "विकून टाका" असं मीच म्हणाले होते, खरंय. वाटेत ह्यांनी एकदाही कुणाला रस्ता विचारला नाही, माझ्या घोरण्याचा हिशेब मात्र रोज सकाळी मांडला. घरी आल्यापासून हे टीव्हीपुढं, मी स्वयंपाकघरात. महिनाभर आम्ही एकमेकांशी बोललो ते तुझ्यामार्फत. तूही कंटाळली असशील की.

काल संध्याकाळी गिऱ्हाइकासाठी गाडी पुसायला दोघं आत शिरलो. तिथं एकजण सरकल्याशिवाय दुसऱ्याला वळता येत नाही.

"सरक की जरा."

"तुमीच सरका, पोट तुमचं मोठं हाय."

मग भांडण जुंपलं ते दोघांना हसू फुटेपर्यंत. फुगून बसायला दुसरी खोलीच नाही गं त्या गाडीत!

कुठं जायचं ते अजून ठरलेलं नाही. हे विजापूर म्हणतात, मी हंपी. बाहेरून हाक आली बघ, "चंद्रे, ये की लवकर!" किती दिवसांनी नाव घेतलं माझं. जाते.

तुझी सासू