गृहीत धरलेला दादा

४ मार्च, जळगाव
वकिलांचा अर्ज इंग्रजीत. वहिनींसाठी मराठी करून द्यायचाय. बावीस वर्षं इंग्रजी शिकवतोय आणि पहिल्याच क्रियापदाला अडलो. प्रिझ्यूम. दादा भडगावहून ड्युटीवर म्हणून निघाला त्याला आठ वर्षं होतील. सात वर्षं खबर नसली की कोर्ट माणूस मेला असं प्रिझ्यूम करतं. मग त्याच्या जागी वहिनींना नोकरी. ‘गृहीत धरणे’ लिहिलं. खोडलं.

५ मार्च
शाळेतला जाडा कोश काढला. मूळ लॅटिन. आधी + घेणे. हाती येण्याआधीच घेऊन टाकणे. दुसरा अर्थ, हक्क नसताना पुढे होणे, आगाऊपणा. नुसता ‘अंदाज’ लिहावं तर तो चुकला की दुरुस्त होतो. तेराव्यानंतर काय दुरुस्त करणार, डोंबल!

अर्जात पुढे : ज्यांना खबर लागायला हवी अशा कुणालाही ती लागलेली नाही. खाली माझी सही लागणार.

चार वर्षांपूर्वीचा फोन. अनोळखी नंबर, नुसता श्वास. मी “दादा?” म्हटलं, कट. परत लावला तर बंद. कुणाला बोललो नाही. खोटी आशा कशाला, असं मीच ठरवून...

९ मार्च, भडगाव
आबांना थोरल्या मुलाचे, दादाचे, अंत्यविधी उरकायचेत. देह नाही, म्हणून पळसाच्या तीनशे साठ पानांचा पुतळा करून जाळायचा. डोकं नारळाचं. पण सध्या पळसाला पान नाही, नुसती फुलं. आबांनी कुणाच्या तरी लग्नातल्या उरलेल्या पळसाच्या पत्रावळी आणल्या. ओट्यावर बसून काड्या उपसून पानं सुटी करत होते.
“कितला दिन वाट देखू? मी जावाना पहिले व्हई जाऊ दे.”
तो फोन आठवला. स्वतःचीच चीड आली.

१० मार्च
वहिनींना अर्ज वाचून दाखवला. कपाळावर कुंकू, रोजच्यासारखं. त्या पानं पुसून मोजत होत्या. खबरेच्या ओळीशी थांबलो. फोनचं सांगून टाकलं. वाटलं, आता तोंड बघणार नाहीत माझं.
“माले बी फोन येल व्हता. दोन दाव. बोलना नही.”
“दोनदा? मग सांगितलं का नाही?”
“तुम्हीन तरी कोठे सांगं, भाऊ?”

उद्या सकाळी अकराला वकील. माझी आणि वहिनींची, दोन्ही सह्या बाकी. पेन दिला, त्यांनी तो बाजूला ठेवला. पानं भरली तीनशे साठ. त्यातली दोन काढून वहिनींनी पदराखाली घेतली.
“आबासले सांगू नका.”