मी गेले की मी गेली?

कोराडी कॉलनी,
बुधवार

तीर्थरूप आत्याबाईच्या पायावर डोकं ठेवतो. पण आज डोकं इतकं तापलं आहे की पाय भाजतील, तेव्हा जरा मागे घे.

तुझे गुडघे कसे आहेत? देवाजीभाऊचा खोकला गेला का, की अजून रात्री साऱ्या खापा गावाला जागवतो? इकडे वच्छला बरी आहे (फारच बरी आहे, ते पुढे येईल). प्रेमिला सूनबाई नेहमीप्रमाणे पत्र वाचून दाखवत असेल. तिला सांग, कंसातलं वाचू नको, ते फक्त आत्याबाईसाठी आहे.

तर आत्याबाई, मी लुटला गेलो आहे. पाकीट नाही, सायकल नाही, माझं नाव चोरलं! मनोहर हे नाव कोण चोरणार? हे दुसरं नाव. घरात कोणाला माहीत नाही, तुलाच पहिल्यांदा सांगतो आहे. सीताबर्डीवरून 'झुंबर' नावाचं साप्ताहिक निघतं, त्यात एक सदर असतं. बायका संसारातले प्रश्न पाठवतात आणि एक अनुभवी, फटकळ बाई त्यांना उत्तरं देते. ती बाई म्हणजे मी. सहा वर्षं मीच होतो. वीज केंद्रात दिवसभर कोळशाच्या ट्रकांच्या पावत्या लावतो, कोणी किती वाजले हेसुद्धा मला विचारत नाही, आणि बसमध्ये दोन बायका माझंच वाक्य एकमेकींना ऐकवतात! त्या सुखापुढे पगार काय चीज आहे? पण नोकरीचा नियम असा की परवानगीशिवाय बाहेर काही लिहायचं नाही, आणि आमच्या साहेबाकडे परवानगी मागितली तर ती माझ्या निवृत्तीच्या हाराबरोबर मिळाली असती. शिवाय लोणच्याला बुरशी का येते हे मनोहरला कोण विचारणार? म्हणून बाईचं नाव घेतलं. (कोणतं, ते पुढे सांगतो. घाई करू नको.)

बाई होणं सोपं नाही गं. प्रत्येक क्रियापदाला लुगडं नेसवून बाहेर पाठवावं लागतं. मी गेलो नाही, मी गेले. मी चिडलो नाही, मी चिडले. इतकी सवय जडली की परवा साहेबासमोर 'सर, मी कालच आले होते' असं तोंडातून निघून गेलं, आणि तो दिवसभर माझ्याकडे चष्म्यावरून पाहत राहिला. पण फायदाही होता. वच्छला 'झुंबर' देवाच्या पोथीसारखं वाचते. मी सांगितलेलं तिने लग्नापासून कधी ऐकलं नाही, पण त्या बाईने लिहिलं की रविवारी नवऱ्याला झोपू द्यावं, तर ही बया दारावर पहारा देत बसायची! मेथीत शेंगदाणे, आल्याआल्या चहा, माझ्या आईबद्दलची तिची कुरकुर बंद, सगळं मी 'झुंबर'मधून करून घेतलं. घरात राज्य माझं होतं, फक्त राणी कोण हे तिला ठाऊक नव्हतं.

आणि एक दिवस संपादक आनंदरावने माझा लेख जसाच्या तसा परत पाठवला. म्हटलं, सदर बंद पडलं असेल. कसलं बंद! पुढच्या अंकात सदर तेच, नाव तेच, आत बाई दुसरीच. आणि सल्ला काय, तर नवऱ्याला स्वतःचं ताट स्वतः घासायला लावा, त्याचे हात काही झिजत नाहीत! त्याच संध्याकाळी वच्छलाने ताटाशेजारी नारळाची शेंडी ठेवली आणि म्हणाली, घ्या, कोराडीत राखेची काय कमी आहे? मी माझंच नाव वाचत माझंच ताट घासलं, आत्याबाई. त्या नावाने बोललेलं खोडणार कसं? खोडायला गेलो तर पूर्वीचं सारं मीच लिहिलं हे सांगावं लागलं असतं, आणि मग ताटच काय, पातेलीही माझ्याकडे आली असती. त्यात त्या तोतया बाईचं व्याकरण पाहशील तर अंगाचा तिळपापड होईल. मी गेली! मी बसली! मी रागावली! अगं, मी पुरुष असून सहा वर्षांत एकदा चुकलो नाही, आणि या बाईला बाईसारखं लिहिता येत नाही!

तडक सीताबर्डीला गेले (गेलो, गेलो! पाहिलंस, रागात हे असं होतं). कापडाच्या दुकानावरच्या माडीत आनंदराव सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत बसला होता. म्हटलं, हे नाव माझं आहे, मी वाढवलं आहे. तर तोंडात खर्रा धरून म्हणतो कसा, ''काहून तापून राहिले जी? नाव तं बाईचं हाय, अन् तुमाले मिशा हायेत. आता आमच्यापाशी खरी बाई हाय.'' खरी बाई म्हणे! मेला, सहा वर्षं खोट्या बाईवर अंक खपवले तेव्हा लाज नाही वाटली? असा भांडलो की खालचा कापडवाला गज हातात घेऊन वर आला.

तिथून वकील महादेवरावांकडे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं (वकील शांत असला की समजावं, आपलं काही खरं नाही). म्हणाले, दावा तुमच्या खऱ्या नावाने लावावा लागेल, म्हणजे तुमच्या साहेबाला पहिल्या तारखेलाच कळेल, आणि नोटीस तुम्हालाच येईल. मी म्हटलं, मग त्या बाईच्या नावाने लावा. ते म्हणाले, जी बाई जन्माला आली नाही ती कोर्टात उभी कशी राहील? मी म्हटलं, पण ती दुसरी तोतया आहे! तर महादेवराव चष्मा पुसत म्हणाले, ''मनोहरराव, बाई नसून बाई म्हणून तुमीच लिहिलं न? मंग तोतया कोण?'' असा कायदा! जो लिहितो त्याचं नाव नाही, ज्याचं नाव आहे तो माणूस नाही. शेवटी दारापर्यंत आल्यावर एवढं म्हणाले की त्या नावाची एखादी जितीजागती बाई सापडली, तर तिला मात्र विचारता येईल की माझं नाव काहून छापता म्हणून. तिला कोणी अडवू शकत नाही.

असो. फार लिहिलं, राग अजून अर्धाही उतरला नाही. सूनबाईला आशीर्वाद, म्हशीला माझ्यातर्फे थोडी जास्त सरकीची ढेप.

तुझा छळलेला भाचा,
मनोहर

ता. क. आता ते नाव. रागावू नको. प्रयागबाई, मुक्काम खापा. म्हणजे तूच. फटकळ बाई म्हटल्यावर डोळ्यांसमोर दुसरं कोणी आलंच नाही, आणि तू पेपर वाचत नाहीस म्हणून मी बिनधास्त होतो. तेव्हा सोमवारच्या बसने ये, महादेवरावांकडे जाऊ, तू सही कर आणि त्या भवानीला त्या कागदावरून खाली ओढ.

ता. क. २. पत्र टपालात टाकायच्या आधी या आठवड्याचा 'झुंबर' हाती आला. प्रश्न आहे वच्छला, कोराडी हिचा (होय, माझीच!): नवरा ताट घासतो पण फार आदळतो, काय करू? आणि उत्तर असं: ''आदळू दे वं बाई. माहा भाचा मनोहरबी असाच. वांग्याची भाजी दिसली का ताट आदळे. मी काई बोलली नाही, त्याले अजून दोन वांगे वाढले अन् अंगणात निघून गेली.''

निघून गेली.

आत्याबाई! खाप्यात कोणती बाई 'मी गेले' म्हणते? तूही जन्मात कधी म्हटलं नाहीस. मीच गाढव, पुण्याचं व्याकरण नेसून तुझ्या नावाने फिरत होतो. माझ्या एखाद्या सल्ल्यावरून कोणीतरी सासू तुझ्या दारात भांडायला आली असेल, तू आनंदरावच्या छातीवर जाऊन बसली असशील, आणि आता तू सांगतेस अन् प्रेमिला लिहिते, होय ना? मला एका शब्दाने विचारलं नाहीस, सरळ ताट घासायला लावलंस! काहून वं? काहून असं केलं? हे पत्र मी फाडणार नाही, राग तुलाही कळू दे. पण सोमवारी येऊ नको. महादेवरावांनीच सांगितलं आहे, तुला कोणी अडवू शकत नाही.

ता. क. ३. एक प्रश्न सोबत पाठवतो आहे: रविवारी नवऱ्याला झोपू द्यावं की नाही? पुढच्या अंकात नीट विचार करून उत्तर दे. खाली 'कांताबाई, कोराडी' असं नाव घातलं आहे. या नावाची बाई आमच्या शेजारी राहते खरी, पण काळजी नको, ती पेपर वाचत नाही.