गाईखालचे व्याही

श्री. चंपतराव व्याही यांना उद्धवचा हात जोडून रामराम. विहीणबाईंनाही नमस्कार सांगावा. आमच्या हिने पाठवलेलं तेल त्यांच्या कंबरेला लागू पडलं का ते कळवावं. (नसेल पडलं तरी पडलं म्हणूनच कळवावं, ही रोज विचारते.) इकडे देवाच्या दयेने सगळे बरे आहोत, कपाशीला बोंडं चांगली धरली आहेत.

फोन दोनदा केला. दोन्ही वेळा तुम्ही 'गिऱ्हाईक आहे' म्हणून ठेवलात. दुपारी अडीचला इचोड्यातल्या कापडदुकानात एवढं कोण येतं, हे मी विचारत नाही. पण आमच्या सुनयनाने, म्हणजे तुमच्या सुनेने, सांगितलं की मोबाईलवरची ती फिल्म तुमच्या दुकानापर्यंत पोचली आहे, लोक कापड बघता बघता 'गाईखाली आहेत ते तुमचेच व्याही ना' असं विचारतात, आणि आता संक्रांतीच्या सुटीत नातवंडं आमच्याकडे पाठवायची नाहीत असं तुम्ही जेवताना ताट सारून सांगितलंत. ते ऐकल्यापासून मला घास गोड लागत नाही. म्हणून झालं ते पहिल्यापासून लिहितो, कारण पोरांना विचाराल तर अश्विनी मधूनच सांगते आणि हर्षदीप फक्त शेवट सांगतो.

आदिलाबादेत एका मोठ्या हॉलमध्ये महिनाभरासाठी मुलांचं संग्रहालय आलं आहे. दसऱ्याच्या सुटीत पोरं इथे होती, तेव्हा त्यांना घेऊन गेलो. संग्रहालय म्हणजे वस्तू काचेच्या आत आणि आपण बाहेर, एवढंच मला ठाऊक. आमच्या गावच्या शाळेत पृथ्वीचा गोल होता, तो गुरुजी कपाटाचं एकच दार उघडून दाखवत आणि लगेच कुलूप लावत. (त्यामुळे कित्येक वर्षं माझी पृथ्वी अर्धीच होती.) तेव्हा मी दारात चपला काढल्या, पोरांना हात मागे बांधायला लावले आणि देवळात घालतो तशी प्रदक्षिणा सुरू केली. तिथे काम करणारी रंजीता नावाची पोरगी बराच वेळ आमच्याकडे बघत होती. मग जवळ येऊन म्हणाली, "बाबा, इथं हात नाही लावला तर आमी रागावतो."

चंपतराव, एकोणपन्नास वर्षांत मला असं कोणी म्हटलं नव्हतं. मग मी जो सुटलो! एका खुर्चीत बसून दोरी ओढली तर मीच वर गेलो, आणि पोरांना वाटलं आबा परत येत नाहीत. एकीकडे तोंडं रंगवून देत होते, तिथे हर्षदीप वाघ झाला. एका टेबलावर नुसती वाळू. तिचा डोंगर केला की वरच्या दिव्यातून हिरवा रंग पडतो, खोलगट केलं की निळं पाणी वाहतं. मी पैनगंगा काढली, वळणांसकट. हात मनगटापर्यंत वाळूत होते आणि मनात आलं, ज्याने खरी काढली त्यालाही असंच कोणी हाक मारू नये असं वाटलं असेल. (तेवढ्यात चार वर्षांच्या एका बाईंनी माझ्या नदीवर ढीग ओतला आणि ती आटली.)

आणि शेवटी गाय. फायबरची, पण अंगाने खरीएवढी, रबराची सडं, खाली बादली. मी आधी पाया पडलो. (पोटात मोटर आहे हे ठाऊक असून पडलो. आपल्या पोटात काय आहे ते तरी कुठे कोणी बघतं?) पोरांची रांग लागली होती, पण ओढून ओढून थेंब येईना. रंजीता इलेक्ट्रिशियनला बोलवायला गेली, रांगेतली बारकी रडायला लागली. अश्विनी म्हणाली, "आबा, गाय दूधच नाही देऊन राह्यली." मी गोठ्यातली गोष्ट सांगितली, की आधी वासरू सोडावं लागतं, मग गाय पान्हावते. अश्विनीने तेच तेलुगूत सगळ्या रांगेला सांगितलं आणि रांग माझ्याकडे वासरू मागू लागली. मी हर्षदीपला विनंती केली. तो म्हणाला, "मी वाघ आहो."

तेवीस पोरं माझ्याकडे बघत होती, व्याही. मी धोतर खोचलं आणि चार पायांवर गेलो. वासरू आधी ढुशी देतं, तशी मी कासेला डोक्याने ढुशी दिली, आणि त्याच क्षणी मागे इलेक्ट्रिशियनने तार जोडली. चारी सडांच्या धारा टोपीवर, डोळ्यांत, आणि समजावून सांगायला तोंड उघडं होतं त्यात. (नुसतं पांढरं पाणी होतं, चौकशी केली आहे.) मग प्रत्येक पोराला आपल्या पाळीला वासरू हवंच. नऊ वेळा झालो. दहाव्या वेळी वाघाला राहवलं नाही, त्याने माझ्या कानाला चावा घेतला. फिल्ममध्ये जे हंबरणं ऐकू येतं ते त्या चाव्याचं आहे. लोक समजतात तशी मी नक्कल करत नव्हतो.

तुमच्यापुढे मान वर न करणारी अश्विनी तेवीस पोरांना रांगेत उभं करत होती, हे फिल्ममध्ये नाही, म्हणून लिहितो. हसं माझं झालं, त्याचं मला काही नाही. दुकानात कोणी विचारलं तर 'ते दुसरे कोणी' म्हणा, मी रागावणार नाही. पण संक्रांतीला पतंग घेऊन आमच्या अंगणात कोणी आलं नाही, तर आम्ही दोघं एकमेकांकडे किती बघणार?

घरात सर्वांना यथायोग्य.

तुमचा व्याही (तुम्ही नाही म्हणेपर्यंत),
उद्धव

ता. क. मंगळवारी धुतलेलं धोतर नेसून मी एकटाच तिथे पुन्हा गेलो होतो. त्या दिवशी वाळूची नदी अर्धी राहिली होती, ती पुरी करायला. दारावरचा माणूस म्हणाला, सोबत मूल असल्याशिवाय मोठ्यांना सोडत नाही. मी पुष्कळ सांगून पाहिलं. तेव्हा संक्रांतीचं नंतर बघू, संग्रहालय पुढच्या सोमवारी जाणार आहे. रविवारी पोरं पाठवा. दोन्ही जमत नसतील तर एक.

ता. क. दुसरं : एका मुलामागे दोन मोठी माणसं चालतात. तिथे एक लहानसं दुकानही मांडलं आहे, कापडाचे तागे, लोखंडी मीटर, गादी, सगळं. पोरं नुसती घ्यायलाच येतात, गादीवर बसून विकायला कोणी तयार होत नाही. दिवसभर गादी रिकामी असते. रंजीताला मी तुमचं नाव सांगून ठेवलं आहे.