भूगोल कोणी सुचवला

चिमीच्या बाबांना,

विषय निवडताना शाळेतली मुलं माझ्याकडे सल्ल्याला येतात. आपली चिमी मात्र मला न विचारताच जीवशास्त्र सोडून भूगोल घेऊन आली. तुम्ही पडलात नकाशे काढणारे. माझ्या मनात लगेच शंकेची पाल चुकचुकली. तुमचे चोरून फोन येतात की काय, म्हणून मी तिचा मोबाइलही तपासला. काही सापडलं नाही. शेवटी सरळच विचारलं, "बाबांनीच डोक्यात भरवलं ना?"

ती म्हणाली, "आई, बाबा वाढदिवसाला अजून रंगीत खडू पाठवतात. मी कितवीत आहे, हे तरी त्यांना ठाऊक आहे का?"

संशय फिटला. मला बरं वाटायला हवं होतं.

ती अकरावीत आहे. पण हे पत्र मी टाकणार नाही. तुम्ही तिलाच विचारावं.

चिमीची आई