पिवळं नख आणि धोंड्याचं बोलावणं

खारघर, सोमवार

श्रीयुत साडूभाऊ धनाजीराव यांच्या सेवेशी,

धाकटा साडू प्रितेश याचा नमस्कार. साष्टांग घातला असता, पण आठांपैकी एक अंग सध्या नमस्काराच्या लायकीचं राहिलेलं नाही, तेव्हा सातांवर भागवून घ्या. इकडे आम्ही उभयता खुशाल (सुनयना खुशाल, मी उभा आहे एवढंच). तिकडे कराडला तुमची तब्येत, मनालीताईंची ॲसिडिटी आणि ऊस कसा आहे ते कळवावे. खरं तर फोनच करणार होतो. पण मनालीताई तुमचा प्रत्येक फोन स्पीकरवर घेतात, आणि त्यांनी ऐकलं ते संध्याकाळपर्यंत त्यांच्या आईच्या कानावर गेलेलं असतं. म्हणून हे पत्र हापूसच्या पेटीत गवताखाली दडवून पाठवतोय. पेटी तुम्हीच उघडा. वरच्या थरातले दोन आंबे डागी आहेत, ते आधी खाऊन टाका.

मुद्दा नखाचा आहे. माझ्या उजव्या अंगठ्याच्या नखाला बुरशी लागलीय. नख पिवळं पडलंय, जाड झालंय आणि कडेने पापुद्रे सुटतायत. आमच्या शिरवणे गावच्या सात पिढ्या मिठागरात अनवाणी उभ्या राहिल्या, कुणाचं नख पिवळं पडल्याचं ऐकलं नाही. मी शिकलो, महाप्याला कंपनीत मेन्टेनन्सला लागलो, दिवसभर सेफ्टी शूजमध्ये ओल्या मोज्यांत पाय शिजवले आणि ही कमाई करून बसलो. एरवी मी तिकडे ढुंकून बघितलं नसतं. मोजा चढवला की नख गेलं, विषय संपला. पण आधीच उल्हास, त्यात अधिक मास. आपल्या सासूबाईंनी, राहीबाईंनी, दोन्ही जावयांना धोंड्याचं बोलावणं धाडलं. येत्या रविवारी कोपरखैरण्याला पुरणाचे धोंडे, वाण, आणि त्याआधी परातीत जावयांचे पाय धुणार, तेही स्वतःच्या हाताने.

तुम्ही पसंतीचे जावई, तुमचे पाय त्यांनी मागच्या अधिकातही धुतलेत. माझं तुम्हाला माहीतच आहे. सुनयनाने माझ्याशी लग्न केल्यापासून राहीबाई माझ्याशी एक शब्द बोललेल्या नाहीत (मासे खाणारं घर, त्यात मुलीने स्वतः शोधलेलं). अगदीच बोलायचं झालं तर त्या फॅनकडे बघून बोलतात. मी समोर बसलेला असतो आणि त्या फॅनला विचारतात, पाव्हण्याला च्या पायजे का. मीही फॅनला सांगतो, अर्धा कप. सासरे कोंडिबामामा बिचारे मधे बसून रेग्युलेटर कमी-जास्त करत राहतात. अशा बाईने माझे पाय धुवायचं ठरवलं हे कळल्यावर सुनयना फोन हातात धरून रडली. लग्नात रडली नव्हती. तेव्हा हे नख त्यांच्या नजरेला पडता कामा नये. बरं, काहीतरी कारण सांगून पुढे ढकलावं, तर पुढचा अधिक येणार तीन वर्षांनी. तोवर काय मी फॅनशीच नातं जोडू?

आधी डॉक्टरकडे गेलो. त्यांनी भिंग लावून बघितलं, लावायला औषध दिलं आणि सांगितलं की नवीन नख पूर्ण यायला वर्ष जाईल, घरचे प्रयोग करू नका. मी म्हटलं, डॉक्टर, पण कार्यक्रम रविवारी आहे. त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मग सुनयनाने कारभार हातात घेतला. रोज सकाळी एक नवीन उपाय सांगायची. कुठून आणलास विचारलं की म्हणायची, रीलमध्ये बघितला. पहिला लसणीचा. ठेचलेला लसूण गरम तेलात घालून अंगठ्याला बांधायचा आणि तसंच कामावर जायचं. लसूण किती, तर बचकभर. (रीलमधली बाई 'बचकभर' म्हणते हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण अडला हरी, कुणाचं काहीही करी.) दुपारी बूट तापले आणि आख्ख्या फ्लोअरला भूक लागली. आमच्या मॅनेजरने कॅन्टीनला फोन करून विचारलं की आज मेन्यूत एवढं काय आहे. त्यानंतर व्हिनेगर झालं, सर्दीचा बाम झाला, कडुनिंब झाला, आणि नख होतं तसंच राहिलं, उलट मालिश झाल्यासारखं चकाकायला लागलं.

मग आली हळद. लेप वाळला की सोड्याच्या कोमट पाण्यात पाय बुडवून बसायचं, असा हुकूम. आता हळदीत चुना पडला की लाल होते हे आपल्याला लहानपणापासून माहीत, पण सोडा हा चुन्याचाच भाऊ आहे हे कुणी शिकवलं नव्हतं. पाय बुडवला आणि बघतो तर रक्तासारखा लाल. तेवढ्यात खालून वॉचमन सनीचा इंटरकॉम, की साहेब, तुमची गाडी टँकरच्या वाटेत आहे, सोसायटीचं पाणी अडलंय. मी डाव्या पायात चप्पल अडकवली आणि उजवा तसाच ओला घेऊन धावलो. गाडी काढून वर येतो तो लिफ्टसमोर ही गर्दी. माझ्या दारातून निघून लिफ्टपर्यंत लाल पावलं उमटलेली, तीही फक्त उजवी. आणि लिफ्ट आहे शेजारच्या अमितावहिनींच्या दाराला लागून. त्यांनी अर्थ लावून टाकला होता. अधिक महिन्यात साक्षात लक्ष्मी प्रितेशच्या घरातून निघाली आणि त्यांच्या घरी आली. पावलांवर फुलं वाहिलेली, उदबत्ती लावलेली. माझ्या खांद्यावर लोक हात ठेवत होते. एकाने हळूच विचारलं, कंपनीत सगळं ठीक ना, काही मदत लागली तर सांग.

खरं सांगायची सोय नव्हती, कारण अमितावहिनींची सख्खी बहीण कोपरखैरण्याला आपल्या सासूबाईंच्या खालच्या मजल्यावर राहते. मी उजवा पाय डाव्याच्या मागे लपवून बगळ्यासारखा उभा राहिलो. वहिनींनी मला पुढे ओढलं, म्हणाल्या, माफी मागा, अजून वेळ गेलेली नाही. धनाजीराव, मी माझ्याच पावलाला वाकून नमस्कार केला. वर वहिनी म्हणतात कशा, देवीचा अंगठा जरा जाड वाटतो नाही. घरात सुनयना उशीत तोंड खुपसून हसत होती. दोन दिवस ती फरशी कुणी पुसली नाही, आणि मी माझ्याच घरातून जिन्याने अकरा मजले उतरत होतो.

हे सगळं आमच्या पप्पांना कळलं. तुळशीराम म्हात्रे हा माणूस औषधाच्या दुकानात फक्त सुट्टे मागायला जातो. ते म्हणाले, याला खारं पानीच पायजे, चल खारीवर. ओहोटी बघून मला खाडीच्या चिखलात उभं केलं आणि स्वतः आसूचं जाळं घेऊन पुढे मासे धरायला गेले. जरा वेळ बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग पायाला काहीतरी चावलं. चिंबोरी, चांगली पंज्याएवढी. मला वाटलं, देव पावला, हिने नख धरलं असलं तर उपटून न्यावं एकदाचं. तर तिने धरलं होतं शेजारचं धडधाकट बोट. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. मी बोंबललो तर पप्पा लांबूनच म्हणतात, हलू नको, मोठी हाय, सुटंल. मुलगा सुटंल याची काळजी नव्हती. संध्याकाळी आईने तिचं कालवण केलं. सुनयना म्हणाली, अधिकात हे खात नाहीत, म्हणून तिने नुसता रस्सा घेतला, तोही तीनदा.

तर असं आहे. अंगठा पिवळा, शेजारचं बोट निळं, तळपाय अजून लालसर. बाकी सर्व क्षेम. मनालीताईंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. आंबे पिकले की फ्रीजमध्ये ठेवू नका.

आपला,
प्रितेश

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. सुनयना सांगते की पाय एकाच परातीत, एकाच पाण्यात धुतात, आधी थोरल्याचे, मग धाकट्याचे. तेव्हा एवढे उपकार करा. रविवारी पहाटे उसाला पाणी पाजून थेट या, पाय न धुता. कराडची काळी माती आहे, दोन्ही पाय बुडाले की परातीचा तळ दिसणार नाही आणि माझं नख निभावून जाईल. गाडीत चिखल वाळला तर कळंबोलीला उतरून वर थोडं पाणी मारा. कुणी विचारलंच तर सांगा, पाण्याची पाळी होती.

ता. क. २. पेटीला खिळे ठोकायला घेतले आणि माझा मोबाइल वाजला. सासूबाईंचा नंबर. सुनयनाचा फोन लागत नसेल म्हणून उचलला, तर त्या म्हणाल्या, प्रितेश, मीच बोलतीया. माझं नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. म्हणाल्या, लसूण सोड, हळद सोड, मी सांगितल्यालं एक बी लागू पडलं न्हाई म्हनं. (म्हणजे रील कोपरखैरण्याहून येत होती. आणि बचकही तिथलीच.) मग म्हणाल्या, हाय तसा ये, मला पाय धुवायचंत, नखाचं लगीन न्हाई लावायचं. मी 'हो आई' म्हणालो. तेही सवयीने फॅनकडे बघून.

ता. क. ३. तरीही तुम्ही चिखलाचे पाय घेऊनच या. नखासाठी नाही. त्या माझ्या पायावर पाणी घालतील तेव्हा मी रडणार आहे. सगळ्यांनी त्या वेळी तुमच्या पायांकडे बघून तुम्हाला शिव्या घालत राहावं, एवढीच विनंती आहे.