पेटीतली मुलगी

चि. ठकूस,

दादाचे आशीर्वाद. मी ठणठणीत आहे, जेवतोही वेळेवर. आईचा गुडघा कसा आहे?

आमचा मुलांसाठीचा भुताचा सिनेमा निम्मा झालाय. बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची. दिवसभर राबून जेमतेम चार सेकंद होतात.

परवा माझ्याकडे एक प्रसंग आला. भाऊ गंमत म्हणून बहिणीला पेटीत कोंडतो. झाकण उघडल्यावर मी बाहुलीला ओरडायला लावलं नाही. गुडघे पोटाशी घेऊन, फ्रॉकचा बोळा तोंडात धरून गप्प बसवलं. दिग्दर्शिकेने विचारलं, "हे कसं सुचलं तुला?"

"सुचलं नाही, पाहिलंय," मी म्हटलं.

तू पाच वर्षांची होतीस. आईला मी सांगितलं, ठकू आपणहून लपली. मार तुलाच बसला. अजूनही तू लिफ्ट सोडून जिने चढतेस, आणि त्यावरून तुला सर्वांत जास्त चिडवलं तेही मीच.

ठकू, माझं चुकलं.

सोबत आईलाही चिठ्ठी आहे, त्यात खरं काय ते लिहिलंय. तिला वाचून तूच दाखवणार. मला वाचवायला त्यातली एकही ओळ गाळू नकोस.

तुझा, फार उशिरा शहाणा झालेला,
दादा