हाकेला ओ

१ जानेवारी, बुधवार. सकाळी ६.१०
नवी वही. फक्त संघमित्रासाठी. वय आज नऊ महिने बारा दिवस.
संकल्प: रोज लिहायचं. पाहिलेलं लिहायचं, वाटलेलं नाही. काळजी करायची नाही.
तिसरा संकल्प लिहायची खरं तर गरज नव्हती. मी काळजी करणारा माणूस नाही. एकवीस वर्षं सातपूरला औषधांच्या खोक्यांवरची छपाई तपासतोय. एक अनुस्वार गेला तर अख्खा गठ्ठा बाजूला काढतो, पण शांतपणे.
दवाखान्यातून मिळालेल्या पुस्तिकेत नऊ महिन्यांची यादी आहे. आधार धरून उभी राहते: हो. टाळ्या वाजवते: हो. वस्तू खाली टाकून कुठे गेली ते बघते: हो, काल चमचा चौदा वेळा. नावाने हाक मारल्यावर वळून बघते: हा रकाना तूर्त कोरा.

२ जानेवारी. सकाळ
नावाबद्दल एकदा लिहून ठेवतो. नामकरणाला वंदना झाली, भंतेजींनी नाव घेतलं, आणि त्याच दिवशी मी घरात सांगितलं की हाक मारायची ती संघमित्रा. संघू नाही, मित्रा नाही, चिमी-ठमी तर नाहीच. नाव म्हणजे माणसाची पहिली इज्जत.
हे मी अनुभवावरून बोलतो. माझ्याआधीची तीन भावंडं जगली नाहीत. म्हणून सायखेड्याला मी जन्मलो तेव्हा आईने मला केरात ठेवलं, केरातून उचललं आणि नाव ठेवलं केरू. शाळेत घालताना मास्तरांनी किशोर केलं. आई अजून केरूच म्हणते. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, चहा झाला की, सोसायटीभर ऐकू जाईल असं. त्या हाकेला मी ओ देत नाही. हा माझा जुना नियम. तिसऱ्या हाकेनंतर ती किशोर म्हणते, मग मी उठतो.

४ जानेवारी, शनिवार. संध्याकाळी ७
संघमित्राला सात वेळा हाक मारली. सातही वेळा पाठमोरी. चपलेचा पट्टा चघळत होती.
शक्यता: पट्ट्यात मन रमलं असेल.
बायको, स्नेहल, स्वयंपाकघरात होती. तिला काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नाहीच.

५ जानेवारी, रविवार. दुपारी
स्नेहल आंघोळीला गेल्यावर प्रयोग. संघमित्राच्या मागे स्टीलचं ताट टाकलं. ती दचकली, रडली. म्हणजे ऐकू येतं. बरं वाटलं.
स्नेहलने आतून विचारलं काय पडलं. ताट, म्हटलं. आई म्हणाली, पडलं कुठं, त्यानंच आदळलं, डोकं फिरलंय का तुझं. मी दुर्लक्ष केलं.
४.३० : ताट पडलं की फरशी हादरते. ती फरशीवर बसली होती. म्हणजे तिने ऐकलं की तिला जाणवलं, हे सिद्ध होत नाही. प्रयोग बाद.

९ जानेवारी
कुकरच्या शिट्टीला वळते. चिमणाबाईंच्या बांगड्यांना वळते. माझ्या हाकेला नाही. (आज ०/१०.)
चिमणाबाई दिवसभर तिला सांभाळतात. पेठकडच्या. सहज म्हणून विचारलं, हिला नीट ऐकू येतं ना. त्या म्हणाल्या, आता काय सांगू भाऊ, पोर लय चपळ हे, भिंतीपल्याडची मांजर बी हिला कळते. तुमीच कवायतीच्या मास्तरासारखं वरडता, पोर बिचारं म्हणत असंल दुसऱ्या कुणाला बोलवतेत.
अशिक्षित माणसाचा धीर. तरी बरं वाटलं. हे वाटलेलं आहे, पाहिलेलं नाही. पुढच्या वेळी लिहायचं नाही.

१२ जानेवारी, रविवार. सकाळी ९.१५
मोठी नोंद. पहिला शब्द.
मी कोपऱ्यात केळं सोलत होतो. ती दिवाणाला धरून उभी, माझ्याकडे रोखून बघत होती, आणि स्पष्ट म्हणाली, केऊ.
केळं. 'ळ' कठीण असतो, तो पुढे येईल. कुस्करून दिलं, खाल्लं, पुन्हा केऊ. दुसरं दिलं.
पहिला शब्द 'बाबा' असावा अशी माझी अजिबात अपेक्षा नव्हती. फळाचं नाव आधी शिकणं जास्त व्यवहारी आहे. तारीख मात्र दोनदा लिहिली, कारण पहिल्यांदा अक्षर नीट आलं नाही.
स्नेहलला सांगितलं, केळं म्हणाली. तिने आईकडे बघितलं. आईला ठसका लागला.

१५ जानेवारी
मी दारातून आत आलो की केऊ. चपला काढतोय तोच केऊ. मी खाली बसलो की मांडीला धरून उभी राहते, माझी हनुवटी पकडते, केऊ.
निष्कर्ष: बाजारातून केळी मीच आणतो हे तिने ओळखलं आहे. कार्यकारणभाव! दहाव्या महिन्यात. आज तीन दिली.
नाव: ०/१२.

१८ जानेवारी, शनिवार
तीन दिवस शी नाही. पोट घट्ट. रात्रभर कुरकुर. काळजी करत नाही. उद्या डॉक्टर.

१९ जानेवारी. दुपारी १
स्नेहलला घरी थांबायला सांगितलं. आई आणि मी गेलो. डॉक्टरांनी विचारलं काय खायला देता. मी वहीतून वाचून दाखवलं. सात दिवसांत एकोणीस केळी. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, साहेब, हे बाळ आहे.
केळी बंद.
आई संघमित्राला घेऊन बाहेर गेल्यावर मी सहज विचारतोय असं दाखवून नावाचं सांगितलं. सात, दहा, बारा वेळा, सगळे आकडे. डॉक्टर हसायचे थांबले. म्हणाले, बाकी सगळं छान आहे, पण एकदा कानांची तपासणी करून घेऊ. काळजी करू नका.
हे 'काळजी करू नका' त्यांनी आधी केळ्यांबद्दल म्हटलं नव्हतं.
तारीख मिळाली ११ फेब्रुवारी. घरी सांगितलं, रूटीन चेकिंग आहे, सगळ्या मुलांचं करतात. स्नेहल याआधी दोनदा रिकाम्या हातांनी दवाखान्यातून घरी आली आहे. तिला पुराव्याशिवाय काही सांगायचं नाही. हे लपवणं नाही. योग्य वेळ बघणं आहे.

२० जानेवारी
इंटरनेटवर काही वाचायचं नाही असं ठरवलं.

२१ जानेवारी
वाचलं.

२६ जानेवारी, रविवार. संध्याकाळ
झेंडावंदन करून आलो, मग दिवसभर घरी. निरीक्षण: आई तिला 'ही' म्हणते. स्नेहल 'अगं' म्हणते. चिमणाबाई आज सुट्टी असून डोकावून गेल्या, त्या 'पोर' म्हणतात. टोपणनाव एकदाही कानावर आलं नाही. माझा नियम घरात इतका काटेकोर पाळला जातो याचं खरंच समाधान वाटलं.
पण मग हेही लक्षात आलं की संघमित्रा म्हणूनही कोणी हाक मारत नाही. तेव्हा उच्चाराच्या सरावासाठी म्हणून सगळ्यांना सांगितलं, दिवसातून वीस वेळा पूर्ण नाव घ्यायचं. आईने जागेवर प्रयत्न केला. संगमितरा. संघमत्रा. मग म्हणाली, एवढं नाव घेईस्तोवर पोरगी दुसऱ्या खोलीत पोचती, केरू.
ओ दिली नाही.
संघमित्रा मात्र त्याच वेळी टाळ्या वाजवत म्हणाली, केऊ. केळ्यांची आठवण अजून जात नाही. वाईट वाटलं.

३ फेब्रुवारी
आज पहिल्यांदा आधार सोडून उभी राहिली. मोजून चार सेकंद. स्वतःलाच आश्चर्य वाटल्यासारखी माझ्याकडे बघत होती. मी इतका आनंदलो की नोंद करायला वही घ्यायला धावलो, तोवर बसली. पुन्हा उभी राहीना.
आनंदात असताना तिला नावाने हाक मारली. नाही.
आता मी आकडा लिहिणं बंद करतो.

७ फेब्रुवारी
संध्याकाळी ती खेळत असताना मी तिच्या मागे बसून होतो. हाक मारली नाही. मारली असती आणि वळली नसती तर? न मारलेल्या हाकेला निदान उत्तराची वाट बघावी लागत नाही.
हे वाटलेलं आहे. खोडायला हवं. उद्या खोडतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी ३
क्रमाने लिहितो.
स्नेहलने शाळेतून अर्धी रजा घेतली होती. तपासणीच्या जागी बाहेर बाकावर बसलो. फॉर्म मी भरला. मी पाण्याची बाटली भरायला गेलो तेवढ्यात स्नेहलने तो वाचला. 'तपासणीचं कारण' यापुढे माझ्या अक्षरात होतं: नावाला प्रतिसाद नाही.
परत आलो तर ती फॉर्मकडेच बघत होती. हळू आवाजात विचारलं, किती दिवस झाले हे. मी म्हटलं, एक जानेवारीपासून. म्हणजे तुम्ही महिनाभर हे एकटेच घेऊन बसलात, असं ती म्हणाली. मी म्हटलं, पुरावा नव्हता.
तिने फॉर्म माझ्या हातात दिला. संघमित्रा समोर सतरंजीवर, आमच्याकडे पाठ करून, लाकडी रिंगा उपसत होती. स्नेहलने आवाज मुळीच वाढवला नाही. बसल्या जागी म्हणाली, दगडे.
संघमित्रा वळली. पूर्ण. अडीच दात दाखवत.
मी म्हटलं, पुन्हा. स्नेहल म्हणाली, दगडे. वळली. मी उठून दाराजवळ गेलो आणि म्हणालो, आता इथून मी. तिथून हळूच हाक मारली. दगडे.
वळली. रिंग टाकून माझ्याकडे रांगत आली.
३/३.
तपासणी तरीही करून घेतली. दोन्ही कान उत्तम.

त्याच दिवशी. ३.४०
रिक्षात स्नेहल सांगत होती. जन्मल्याच्या तिसऱ्या दिवसापासून आई तिला दगडी म्हणतात. दगडाला दृष्ट लागत नाही, दगडाला कोणी उचलून नेत नाही. स्नेहल विज्ञान शिकवते. ती म्हणाली, मला पटलं नव्हतं हो. पण दोनदा गेल्यावर मला पटायची वाट बघायचा धीर नव्हता. तुमच्यासमोर कसं म्हणणार, तुम्ही नावावर भाषण दिलेलं. म्हणून तुम्ही आलात की आम्ही सगळ्या गप्प.
माझ्या घरात, माझ्या पाठीमागे, अकरा महिने अंधश्रद्धा. मला राग यायला हवा. आज वेळ नाही. उद्या येईल.

त्याच दिवशी. संध्याकाळी ६
आईला जाब विचारायचा म्हणून खुर्चीत ताठ बसलो होतो. आईने चहा पुढे केला आणि म्हणाली, घे, केरू.
ओ दिली नाही. आज तर नाहीच.
खालून, माझ्या गुडघ्याशी, आवाज आला. केऊ.
घरात तेवीस दिवस केळं नाही. मी आईकडे बघितलं. आई चहाकडे बघायला लागली. स्नेहल खिडकीकडे. चिमणाबाई घरी जायला निघाल्या होत्या, त्या दारातच पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, भाऊ, आता सांगतेच. पोर महिनाभर तुमाला हाक मारतंय. तुमी ओ देत नाय, नुसतं केळं देता.
मी विचारलं, मग कोणीच का सांगितलं नाही. आई म्हणाली, तू इतक्या हौसेनं वहीत लिहिलंस, पयला शब्द केळं. तुझं मन कोण मोडणार.

६.२५
वहीत दुरुस्त्या.
पान ५: 'केळं' खोडलं.
नावाला प्रतिसाद: मुलगी देते. वडील ३१ दिवस देत नव्हते.
वडिलांचे कान तपासलेले नाहीत.

६.३०
नवे संकल्प. दगडी हे नाव फक्त घरात, बाहेर संघमित्रा. आणि मुलीने वडिलांना नावाने, त्यातही त्या नावाने, हाक मारणं बरोबर नाही. आजपासून 'बाबा' शिकवायचं. हळू, शास्त्रशुद्ध, रोज दहा वेळा. आठवड्यात जमेल.

६.५०
समोर बसवलं. बाबा म्हणून दाखवलं, दहा वेळा. ओठ कसे मिटतात तेही दाखवलं. तिने सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग दोन्ही हातांनी माझी हनुवटी पकडली.
केऊ.
आई, स्नेहल, अजून घरी न गेलेल्या चिमणाबाई, तिघी माझ्याकडे बघत होत्या.
ओ, म्हटलं.